चष्म्याशिवाय त्रिमिती : सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

जत्रेत मिळणारं देवाचं चित्र आठवा. समोरून राम, जरा तिरपं केलं की कृष्ण. त्यावर नख फिरवलं की खर्रर्र आवाज येतो, कारण वरच्या प्लास्टिकला बारीक पन्हळी असतात. प्रत्येक पन्हळ म्हणजे एक लांबट भिंग, आणि खालच्या चित्राची कोणती पट्टी डोळ्याला दिसायची ते हे भिंग ठरवतं. चष्मा न लावता खोली दाखवणारे पडदे आज लष्करी नियोजनापासून गेमिंगच्या मॉनिटरपर्यंत पोचलेत. त्यांतले बरेचसे याच चित्राच्या कुळातले.

दोन डोळ्यांना किंचित वेगळी दृश्यं दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली घडवतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्यांच्या यंत्रात डोळे आरशांपाशी न्यावे लागत. ते काम पडद्यावरच सोपवण्याची युक्ती अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी केली. त्यांना १९०३ मध्ये पेटंट मिळालं. चित्र उभ्या पट्ट्यांत विभागायचं आणि समोर उभ्या फटींची जाळी ठेवायची. कुडाच्या फटीतून अंगणात बघत आलटूनपालटून एकेक डोळा मिटून पाहा, पलीकडचं दृश्य सरकतं. तेच तत्त्व.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दूरदर्शी माणूस म्हणजे गाब्रिएल लिपमन. १९०८ मध्ये पॅरिसला त्यांनी सुचवलं की जाळीऐवजी माशीच्या डोळ्यासारखी असंख्य बारीक भिंगं वापरावीत, म्हणजे डोकं डावी-उजवीकडेच काय, वर-खाली हललं तरी दृश्य तसं बदलेल. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी. तशी भिंगं नेमकेपणानं घडवण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. प्रत्येक कोनात वेगळे किरण सोडणारे आजचे ‘लाइट फील्ड’ पडदे त्यांच्याच कल्पनेवर उभे आहेत.

१९४१ मध्ये मॉस्कोत सेम्योन इव्हानोव्ह यांच्या पद्धतीचं बिनचष्म्याचं चित्रपटगृहही सुरू झालं. मात्र प्रेक्षकाला खुर्चीत नेमकी जागा शोधून डोकं स्थिर ठेवावं लागे.

होलोग्रामची, म्हणजे वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशलहरींचाच ठसा घेऊन उठवलेल्या त्रिमिती चित्राची, वाट वेगळी. डेनिस गॅबर यांनी १९४७ मध्ये ती कल्पना मांडली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्यासाठी. तिच्यात जीव ओतला मिशिगन विद्यापीठातल्या एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी. लीथ लष्करासाठी रडारवर गुप्त काम करत होते, आणि त्या संकेतांचं गणित होलोग्रामच्या गणिताशी जुळतं हे त्यांनी ओळखलं. १९६४ मध्ये त्यांनी लेसरनं घेतलेला खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम लोकांसमोर आला.

लष्कराची गरज तशी जुनीच. मोहिमेआधी जमिनीवर वाळूचं ‘सँड मॉडेल’ करून टेकड्या, रस्ते, घरं मांडायची पद्धत आपल्या सैन्यातही आहे. कोणत्या गच्चीवरून कोणती गल्ली दिसते, हे सपाट नकाशावरून चटकन कळत नाही. शिवाय ते अनेकांनी मिळून पाहायचं असतं, बोट दाखवून, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत वाद घालायचा असतो. तिथे डोळ्यांवरचा चष्मा आड येतो. म्हणून अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं टेक्सासच्या झेब्रा इमेजिंग कंपनीकडून होलोग्राफिक ‘सँडटेबल’ करवून घेतलं. २०११ मध्ये जाहीर झालेल्या या पडद्याचा कर्ण ६ फुटांपर्यंत नेता येत होता, दृश्याची खोली १२ इंचांपर्यंत होती आणि २० जण भोवती उभे राहून पाहू शकत.

बाजाराचं गणित उलटं होतं. तिथे गिऱ्हाईक एक आणि पडदा हाताएवढा. शार्पनं २००२ मध्ये जपानमध्ये असा मोबाइल आणला. खरा गाजला तो हातात धरून गेम खेळायचा २०११ चा निन्टेन्डो ३डीएस. त्याच्या वरच्या पडद्यावर आडवे ८०० पिक्सेल, पण जाळीमुळे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ४००च. हात जरा हलला की दृश्य दुभंगे, म्हणून खोली कमी-जास्त करायची सरकपट्टी बाजूलाच दिलेली होती. अनेक जण ती शून्यावर ठेवूनच खेळत. २०१४ च्या आवृत्तीत चेहऱ्याचा माग घेणारी सोय आली आणि दुखणं बरंच कमी झालं.

तेव्हापासून दोन वाटा झाल्या. सोनीचा २०२० चा पडदा आणि सॅमसंगचा २०२५ चा ओडिसी थ्रीडी मॉनिटर कॅमेऱ्यानं डोळे हेरून फक्त त्याच दोन डोळ्यांसाठी चित्र वळवतात. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं, पण एकालाच. न्यूयॉर्कच्या लुकिंग ग्लास फॅक्टरीनं २०१८ मध्ये दुसरी वाट धरली : एकाच वेळी ४५ कोनांतली दृश्यं, त्यामुळे घोळका करून बघता येतं. पण पडद्याचे पिक्सेल त्या ४५ दृश्यांत वाटून घ्यावे लागतात, आणि टेबलाभोवतीच्या २० जणांना सर्व बाजूंनी दाखवायचं तर ही वाटणी आणखी कितीतरी पटींनी वाढते.