हुमणातला मेद आणि जिवाणूंची मेदाम्ले

बांगड्याच्या हुमणातून (नारळाच्या रसातल्या माशाच्या आमटीतून) पोटात जाणारा मेद आणि आतड्यातले जिवाणू बनवतात ती मेदाम्ले (फॅटी ॲसिड), दोन्ही सर्रास एकाच खात्यात टाकली जातात. पण दोघांची जागा वेगळी आणि वाटही वेगळी.

नारळाचा रस आणि माशाचे तेल पचते लहान आतड्यात. पित्त त्याचे बारीक थेंब करते, स्वादुपिंडातले लायपेज हे पाचक विकर ते तोडते, आणि पित्तक्षारांच्या आधाराने ते तुकडे आतड्याच्या पेशीपर्यंत पोचतात. पेशी त्यांचा पुन्हा मेद बांधते, त्यावर प्रथिनांचे वेष्टण चढवून लसिकावाहिनीत सोडते. निरोगी माणसात खाल्लेल्या मेदापैकी सुमारे 95 टक्के मेद असा शोषला जातो. नारळाच्या मेदात निम्म्याच्या आसपास 12 कार्बनच्या साखळीचे लॉरिक आम्ल असते. त्याचा काही भाग थेट यकृताकडे जातो, एवढ्यावरून खोबरेल तेलाने वजन वाढत नाही असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

जिवाणूंचा माल तेलातून येतच नाही. अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), तांबडी भाजी (लाल माठ), उकड्या तांदळाचा गार झालेला भात, यांतले जे लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात आंबते. त्यातून ॲसिटेट (2 कार्बन), प्रोपिओनेट (3) आणि ब्युटिरेट (4) तयार होतात. इतक्या आखूड साखळीला पित्त लागत नाही. ब्युटिरेट बहुतेक आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. आंबणाऱ्या चोथ्यातून ग्रॅममागे साधारण 2 कॅलरी मिळतात, तेलातून 9.

घोटाळा होतो तो जिवाणू लहान आतड्यात माजले की. ते पित्तक्षारांना जोडलेले ग्लायसिन किंवा टॉरिन हे छोटे रेणू तोडतात. मग पित्ताची मेद धरण्याची ताकद जाते आणि मेद न शोषता पुढे सरकतो. मल फिकट, तेलकट आणि चिवट होतो, भांड्याला चिकटतो. अ, ड, ई जीवनसत्त्वे कमी पडतात. ब12 जिवाणूच खाऊन टाकतात. जुना मधुमेह किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे जास्त दिसते.

मल नुसता तरंगतो म्हणजे त्यात मेद आहे असे नाही, बहुधा तो वायूने तरंगतो. खात्री करायची तर रोज 100 ग्रॅम मेद खाऊन 72 तासांचा मल तपासतात. दिवसाला 7 ग्रॅमहून अधिक मेद निघाला तर शोषणात बिघाड. अळसांदे एकदम वाढवल्यावर पोट फुगले तर तो आंबण्याचा वायू. त्यासाठी तपासणी नको, आठवड्याला मूठभर या बेताने वाढवावे.