सरकतं खुराडं: पैदाशीच्या कोंबड्या-बदकांसाठी कसं वापरायचं

आमचं सरकतं खुराडं म्हणजे चाकांवर पुढे ओढायचा, तळ नसलेला जाळीचा पिंजरा. ते न्यायला येणारे पहिल्यांदा विचारतात, "यात किती कोंबड्या मावतील?" खायच्या अंड्यांसाठी हा प्रश्न बरोबर आहे. पैदाशीसाठी मात्र आधी ठरवायचं ते हे, की कोणत्या कोंबड्यांना कोणता कोंबडा. मोकळ्या अंगणात शेजारचा कोंबडा एकदा जरी येऊन गेला, तरी पुढच्या पिल्लांचा बाप कोण हे सांगता येत नाही. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून नवा गट बंद केल्यावर किंवा कोंबडा बदलल्यावर पहिल्या ३ आठवड्यांची अंडी खा किंवा विका, उबवायला ठेवू नका. गिरिराज कोंबडी संकरित आहे, तिची पिल्लं तिच्यासारखी निघत नाहीत. असील, कडकनाथ किंवा स्वतः निवडलेल्या गावरानवरच ही मेहनत घ्यावी.

आमचं नेहमीचं माप ८ बाय ६ फूट, उंची ३ फूट. त्यात १ कोंबडा आणि ६ कोंबड्या. हलक्या जातीचा कोंबडा ८ ते १० माद्या सांभाळतो, पण या जागेत ६च ठेवा. असील असेल तर ४. बदकांचा गट १ नर आणि ४ माद्यांचा.

कोंबड्या आणि बदकं एकाच खुराड्यात ठेवू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. नर बदक कोंबडीवरही चढतो. त्याचं इंद्रिय बाहेर येणारं असतं, कोंबड्याला तसं नसतं. कोंबडीला आतून जखम होते आणि ती दगावूही शकते. शिवाय बदकं पाणी सांडून सगळी जमीन चिखल करतात, त्या ओलीत कोंबड्यांना रक्ती हगवण धरते.

खालची २ फूट जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डिंगची आहे. षटकोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो, म्हणून ती फक्त वर लावली आहे. बाहेरच्या अंगाला फूटभर रुंदीची जाळी जमिनीवर पसरते. ती दुमडून ठेवू नका, तिच्यामुळेच कोल्ह्या-कुत्र्याला कडेला उकरता येत नाही. रान उंचसखल असेल तर रोज संध्याकाळी चारी बाजूंनी चौकटीखाली हात घालून बघा. मूठ गेली म्हणजे मुंगूस गेलंच. तिथे दगड लावा.

खुराडं रोज एक लांबी, म्हणजे ८ फूट पुढे सरकवायचं. विष्ठेतल्या रक्ती हगवणीच्या जंतूंना ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत ते रोग पसरवण्याजोगे होतात. त्याआधी पक्षी पुढे गेलेले बरे. एकदा वापरलेली पट्टी निदान महिनाभर मोकळी ठेवा. ३० दिवसांना २४० फूट लांब आणि ६ फूट रुंद पट्टी लागते, म्हणजे साधारण सव्वा गुंठा. वळायला जागा सोडून दीड गुंठा धरा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र चुकवू नका, जमीन बदलल्याने ती टळत नाही.

कोंबड्यांचं खुराडं पहाटे, दाणे टाकायच्या आधी सरकवा. भुकेल्या असल्या की त्या आपणहून पुढे चालतात. बदकं मात्र पहाटेच अंडी घालतात, म्हणून त्यांचं ९ नंतर, अंडी गोळा करून मगच. ओढताना हात-दीड हात ओढून थांबा, पक्ष्यांना पुढे येऊ द्या, मग पुन्हा ओढा. घाईत मागच्या पाइपाखाली पाय सापडतो, आणि बदकाचे पाय नाजूक असतात. बदकाला पाय धरून उचलू नका, दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरा.

बदकांना निदान ८ इंच खोल टब हवा. डोकं बुडवता आलं नाही तर नाकपुड्या आणि डोळे चिकटतात. पेकिनसारखी जड बदकं पाण्यात जास्त सहज जुळतात. सरकवण्याआधी टब मागच्या बाजूला ओता, चिखल मागे राहील. भाताचं पिंजर टाकून अंडी घालायची जागा कोपऱ्यात जमिनीलगतच करा, बदक उंच पेटीत चढत नाही. मळकी अंडी धुऊन उबवायला ठेवू नका, पाण्याबरोबर घाण कवचातून आत जाते आणि अंडं नासतं.

बुरशी धरलेला मका किंवा शेंगापेंड बदकांना कधीही घालू नका. त्या बुरशीच्या विषापुढे बदक कोंबडीपेक्षा फार लवकर मरतं. आपल्याकडे पावसात पोत्यांना ओल लागतेच, म्हणून वास घेऊन, मुठीत चोळून बघूनच घाला.

अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि खुराड्याचा नंबर लिहा. निमुळतं टोक खाली ठेवून गार जागेत ७ दिवसांपर्यंत साठवा, चैत्र-वैशाखात ४च. उन्हाळ्यात अंडं नुसतं पडून राहिलं तरी गर्भ वाढू लागतो आणि अर्धवट राहून मरतो. कोंबडीचं अंडं २१ दिवस घेतं, बदकाचं २८, मस्कोव्ही जातीच्या बदकाचं ३५. उबवायला ठेवल्यापासून सातव्या दिवशी अंधारात अंड्याला बॅटरी लावून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर बीज धरलंय, नुसतं पिवळं दिसलं तर नाही.

बरीच अंडी पिवळी निघाली तर आधी कोंबड्याकडे बघा. शेजारच्या खुराड्यातला कोंबडा दिसत असेल तर तो दिवसभर जाळीशी झुंजत राहतो. दोन खुराड्यांमध्ये २ फूट उंचीचा पत्रा लावा. कोंबड्यांच्या पाठीची पिसं गेली असतील तर नराच्या नख्या आणि आऱ्या (पायामागचे काटे) बोथट करा.

बेळगाव भागात खानापूरकडे आषाढात चाकं रुततात. चाकं काढून खाली लाकडी पट्ट्या लावा आणि खुराडं माळाच्या उतारावर न्या. अथणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात छपराच्या पत्र्यावर ओलं पोतं हवं. फवारणी झालेल्या रानात किंवा त्याच्या बांधावर खुराडं ठेवू नका. मिरगाआधी चाकांना ग्रीस भरा आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर रेडऑक्साइडचा हात मारा. गंज तिथूनच सुरू होतो.