शहरी उद्यानातील डिस्क गोल्फ

प्लास्टिकची चकती भिरकावून ती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत पाडण्याचा खेळ. गुण मोजण्याची रीत गोल्फचीच: प्रत्येक फेक मोजायची, चकती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि शेवटी ज्याची बेरीज कमी तो विजयी. टोपलीलाही ‘होल’च म्हणतात, जमिनीत खड्डा मात्र कुठेच नसतो. मोठ्या मैदानावर सहसा 18 होल असतात. शहरातल्या बागेत जागा कमी, म्हणून तिथे 9 होलांची मैदाने बरीच दिसतात.

कॅनडातील ब्लॅडवर्थ गावी 1926 मध्ये शाळकरी मुले डब्यांची झाकणे फेकून असेच काहीसे खेळत. आजचे रूप मात्र कॅलिफोर्नियातले. फ्रिस्बी स्थिर उडावी म्हणून तिच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे घालणारे एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये ला कॅन्याडा येथील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले. तेथे आधी नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून वाद होत, त्यातूनच साखळ्यांची टोपली सुचली. तिचे पेटंट 1977 चे. वेगाने आलेली चकती साखळ्यांत अडते आणि खाली टोपलीत पडते. तो खळखळाट दूरवर ऐकू येतो. निवाडा करायला कोणी लागत नाही. हेड्रिक 2002 मध्ये वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून चकत्या घडवल्या गेल्या.

लहान मैदान म्हणजे नवशिक्यांची सोय, हा समज चुकीचा आहे. होल, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेपासून टोपलीपर्यंतचा टप्पा, साठ-सत्तर मीटरचा असला की नुसती ताकद निरुपयोगी ठरते. उजव्या हाताने, छातीसमोरून हात आडवा नेऊन सोडलेली चकती वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते. तोच हात बाजूने, तळवा वर ठेवून झटकला तर ती उजवीकडे वळते. वाटेत एखादे डेरेदार झाड असेल तर कोणती फेक घ्यायची हे तेच झाड ठरवते. चांगला आखणारा म्हणूनच अंतर वाढवण्यापेक्षा झाडांचा उपयोग करतो. समोरून वारा असेल तर चकती नेहमीचे वळण घ्यायला कचरते आणि उलट्या बाजूला कलते. टोपलीपासून 10 मीटरच्या आत आणखी एक बंधन आहे: फेकल्यावर तोल सावरून उभे राहिल्याशिवाय पाऊल पुढे टाकता येत नाही. पुढे झुकून फेकण्याची सवय असलेल्यांची इथेच पंचाईत होते.

शहरी बागेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इतर माणसे. बाग फिरायला येणाऱ्यांचीही असते. गोल्फची चकती समुद्रकिनाऱ्यावरच्या फ्रिस्बीपेक्षा लहान, टणक आणि धारदार कडेची असते. ती येताना पाहून एखादे मूल झेलायला धावू शकते. त्यामुळे वाट मोकळी झाल्याशिवाय फेकायचे नाही. थांबण्याची जबाबदारी खेळाडूची, पादचाऱ्याची नव्हे. पायवाटेला खेटून टी (पहिली फेक जिथून करायची ती जागा) किंवा टोपली ठेवणारी आखणी कितीही रंजक असली तरी वाईटच.

झाडांनाही त्रास होतो. टीजवळच्या खोडांवर चकत्या आदळून साल सोलली जाते आणि टोपलीभोवतीची माती तुडवून घट्ट होते. उपाय साधे आहेत: खोडासमोर आडोसा, जमिनीवर लाकडाच्या ढलप्या आणि टोपलीसाठी दोन-तीन जागा करून ती अधूनमधून हलवणे.

चकतीच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवण्याची पद्धत आहे. झुडपात किंवा तळ्यात हरवलेली चकती सापडली की सापडवणारा फोन करतो आणि पुष्कळदा ती मालकाच्या हाती परत येते.