बी.एड. विशेष शिक्षण
अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवणारे शिक्षक घडवणारी भारतातली पदवी. बोलताना सगळे 'स्पेशल बीएड' म्हणतात. साध्या बीएडची मान्यता एनसीटीईकडे (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) आणि ह्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे (कायदा १९९२चा, दुरुस्ती २०००ची), त्यामुळे कॉलेज बघायला गेलेल्या पोरापोरींचा पहिला गोंधळ इथेच होतो.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. पदवी बरीच नंतरची, पण आधी शाळा आल्या आणि मग त्यांना शिक्षक लागले असं मानलं तर सुरुवात मुंबईच्या मूकबधिर शाळेपासून धरतात, जी बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. तिचं साल कुठे १८८३, कुठे १८८४, कुठे १८८५ असं सापडतं. शाळा काढायचं ठरलं ते साल आणि प्रत्यक्ष वर्ग भरला ते साल यांची सरमिसळ झाली असावी, आणि तसं असेल तर १८८५ जास्त पटतं, पण परीक्षेच्या गाइडमध्ये १८८३ छापलेलं असेल तर तेच लिहा बाबांनो, मार्क त्यालाच. अंधांसाठी अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी १८८७च्या सुमारास शाळा काढली, तिच्याबद्दल एवढा वाद दिसत नाही. श्रवणदोषासाठीची वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची, म्हणजे मधे जवळपास शंभर वर्षं गेली.

कोर्स आधी एक वर्षाचा होता, २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. प्रवेशाला आधीच्या पदवीत साधारण ५० टक्के लागतात. प्रवेश घेतानाच एक स्पेशलायझेशन निवडावं लागतं : एचआय (श्रवणदोष), व्हीआय (दृष्टिदोष), आयडी (बौद्धिक अक्षमता, ह्यालाच जुने लोक अजून एमआर म्हणजे मेंटल रिटार्डेशन म्हणतात), एलडी (अध्ययन अक्षमता), ऑटिझम वगैरे. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि स्पेशलायझेशनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे गणित काही जुळत नाही.

खरा कोर्स प्रॅक्टिकलमध्ये. व्हीआयवाले ब्रेल पाटीवर टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचत जातात कारण कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून वाचायचे असतात, आणि पहिला महिनाभर ठिपका १च्या जागी ४ पडतो, म्हणजे डावीकडचा उजवीकडे. एचआयवाले रोज सकाळी मुलाच्या कानाच्या मशिनचा (श्रवणयंत्राचा) सेल बघून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज काढतात, ओठ न दाखवता, कारण ओठ दिसले की मूल ऐकत नाही, वाचतं. 'म' ऐकलं आणि 'स' नाही म्हणजे बारीक, उंच आवाज पोचत नाहीये. आयडीत दात घासणं एवढी एक गोष्ट पेस्टचं झाकण उघडण्यापासून तुकडे पाडून शिकवायची, आणि प्रत्येक मुलाचा आयईपी म्हणजे त्याच्यापुरता शिकवायचा आराखडा वेगळा. बाकी लेसन नोट, ऑब्झर्वेशन, इंटर्नशिप हे साध्या बीएडसारखंच.

पास झाल्यावर आरसीआयचा सीआरआर नंबर (त्यांच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला नोंदणी क्रमांक) काढावा लागतो, तो नसेल तर नुसत्या पदवीला किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. महाराष्ट्रात समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक मात्र वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले, आणि एकेकाकडे बऱ्याच शाळा, म्हणून त्यांना 'फिरते शिक्षक' म्हणतात.