संत रॉकच्या मांडीवरची गाठ

दाढी आणि डोक्यामागे तेजोवलय दिसलं की चित्र येशूचंच, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात गेलेला सातारकर देशी चित्रांपुढे कधी अडत नाही. बासरी दिसली की कृष्ण, त्रिशूळ-डमरू दिसला की शंकर. चेहरा बघतो कोण? ख्रिस्ती संतांची चित्रंही अशीच हातातल्या वस्तूंवरून ओळखायची असतात. किल्ल्या असल्या की पीटर. खिळ्यांचं मोडकं चाक असेल तर कॅथरीन. तबकात दोन डोळे घेतलेली लूसी. सांडशीत दात धरलेली अपोलोनिया. छळात तिचे दात पाडले होते, म्हणून दातदुखीवाले तिलाच साकडं घालत. जुन्या चित्रांत गुप्त संकेत दडल्याचे व्हिडिओ फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नये. या खुणा अक्षरओळख नसलेल्यालाही लांबून कळाव्यात म्हणूनच काढलेल्या आहेत.

या सगळ्यांत मला ओढ आहे ती संत रॉकची. यात्रेकरूची काठी, टोपीला शिंपला, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा आणि अंगरखा वर करून मांडीवरची जखम दाखवणारा माणूस. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यालाच प्लेग झाला, तो रानात जाऊन पडला आणि कुत्र्याने त्याला पाव आणून जगवलं, अशी कथा आहे. पण जखम तिथेच का?

प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटात वाढतात आणि त्यांचा चिकट थर तिच्या जठराच्या तोंडाशी बोळ्यासारखा बसतो. रक्त आत जाईना, म्हणून उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेलं रक्त जंतूंसकट चाव्यात ओकते. चावा बहुधा पायाला. तिथून जंतू लसीकावाहिन्यांतून, म्हणजे अंगातला पाझर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जवळच्या लसीकाग्रंथीत पोचतात; ही ग्रंथी जंतूंना अडवणारी गाळणी. पायाच्या बाबतीत ती जांघेत असते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते याच वाटेने. प्लेगमध्ये मात्र ग्रंथी जंतूंना आवरू शकत नाही. पिसवेच्या थंड शरीरात या जंतूंवर नसलेलं एक प्रथिनांचं आवरण माणसाच्या अंगातल्या ३७ अंशांना तयार होतं, आणि मग भक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रक्तपेशींना, ते गिळता येत नाहीत. काही जंतू तर भक्षक पेशींच्या आतच तग धरून वाढतात. दोन-चार दिवसांत जांघेत लिंबाएवढी ठणकणारी गाठ येते. चित्रकार ती शालीनतेपोटी थोडी खाली, मांडीवर काढत.

येर्सिन या जंतुशास्त्रज्ञाने हा जंतू शोधला १८९४ साली हाँगकाँगमध्ये. पिसवेचा हात आहे हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८ साली, कराचीत. म्हणजे कारण ठाऊक नसताना लक्षण मात्र चित्रकारांनी चारशे वर्षं आधीच नेमकं टिपून ठेवलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले या दोन शोधांच्या मधल्या काळात, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. तेव्हा कुणालाही खात्रीचा उपाय माहीत नव्हता, त्यामुळे युरोपात रॉकची मिरवणूक निघाली आणि आपल्याकडे मरीआईचा गाडा, यात नवल नाही. पण दोन्हींमुळे एकही पिसू मेली नाही. आज प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो, वेळेवर दिली तर. अंगारे-धुपाऱ्यात तीच वेळ जाते.

रॉकशेजारी बाणांनी विंधलेला तरुण दिसला तर तो सेबॅस्टियन. साथ म्हणजे आकाशातून आलेले बाण, ही कल्पना ग्रीकांपासूनची. आणि हा बाण लागूनही जगला होता. दोघं एकत्र असले की चित्र बहुतेक साथीच्या निमित्तानेच काढवलेलं असतं. व्हेनिसमध्ये तित्सियानो या तिथल्या चित्रकाराचं १५१०च्या सुमाराचं चित्र आहे. मध्ये उंचावर शहराचा रक्षक संत मार्क, एका बाजूला कॉस्मस आणि डेमियन हे वैद्य संत, दुसऱ्या बाजूला मांडी उघडी टाकलेला रॉक आणि बाण लागलेला सेबॅस्टियन. १५१० साली व्हेनिसमध्ये प्लेग होता. तित्सियानोचा सहकारी जॉर्जोने त्यातच गेला.