गंगथडीची नाव : नाथसागरातील नौकाविहाराची पार्श्वभूमी

पैठणच्या नाथसागरात, म्हणजे गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या जलाशयात, नौकाविहाराची कायमस्वरूपी सोय व्हावी, ही मागणी मराठवाड्यात अनेकदा ऐकू येते आणि ती मांडताना आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा दाखला दिला जातो. कोनसीमेतील दिंडी या गावी (वारीतल्या दिंडीशी याचा काही संबंध नाही) वसिष्ठा शाखेच्या पात्रात हाउसबोटी तरंगतात. मग त्याच नदीच्या वरच्या अंगाला, एवढ्या मोठ्या जलाशयात, तसे काही का उभे राहत नाही, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शासनाच्या अनास्थेत शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे. माझ्या मते ते त्याहून अधिक या पाण्याच्या इतिहासात आहे.

मराठवाड्यात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी. या थडीला नाव ओळखीची होती, परंतु ती पैलतीरी जाण्यापुरती. पावसाळ्यात दुथडी वाहणारी आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी पायी ओलांडता येणारी ही नदी लांबच्या जलप्रवासाला कधीच भरवशाची नव्हती. सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ऐन भरभराटीत असतानाही तेथील माल नदीने समुद्राकडे जात नसे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तो गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे नेला जात असल्याचे नमूद आहे आणि पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. नदी ओलांडायची ती भोई, कोळी किंवा कहार नावाड्याच्या होडीतून, आणि होडी नसेल तर वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेल्या सांगडीवरून. दोन गोष्टींची ‘सांगड घालणे’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार याच पाण्यावरच्या जोडकामातून आलेला आहे.

केवळ सुखासाठी पाण्याजवळ जाण्याची जुनी खूण या प्रदेशात शोधायची तर ती गोदाकाठी नव्हे, तर नळदुर्गला सापडते. तेथे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, पाणीमहाल बांधला गेला आणि पाणी अंगावरून कोसळत असताना आत कोरडे बसण्याची सोय झाली. ती मौज अर्थातच दरबारी होती.

त्रिभुज प्रदेशाची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. धवळेश्वरम येथे गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा या शाखांत विभागते. तेथे ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधून घेतला आणि त्यातून निघालेले कालवे सिंचनाइतकेच नौकांसाठीही आखले. त्या कालव्यांना झडपांचे हौद (लॉक) होते, त्यामुळे भाताने भरलेल्या नावा एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर सहज चढत-उतरत. पुढे हे जाळे कृष्णेच्या कालव्यांना आणि किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्याला जोडले जाऊन जलमार्ग थेट मद्रासपर्यंत पोहोचला. याच भरात गोदावरी वरच्या बाजूलाही नौकांसाठी खुली करण्याची योजना निघाली. वऱ्हाडचा कापूस पाण्यावाटे समुद्राला न्यावा, हा तिचा हेतू होता. मात्र तिचा मार्ग सिरोंच्याजवळ प्राणहिता या उपनदीत वळून वर्धा नदीकडे जात होता, म्हणजे निजामाच्या मुलखातील गंगथडी त्या आराखड्यात नव्हतीच. दुम्मागुडेमसारख्या खडकाळ अडथळ्यांवर बरेच काम झाल्यानंतर आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यानंतर, १८७१ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली.

मराठवाड्याला उभे पाणी मिळाले ते आणखी शंभर वर्षांनी. मूळ धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. पुढे जागा बदलून पैठण ठरली, नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन आणि शंभरहून अधिक गावे ज्या पाण्याखाली गेली, त्याला गोदावरीत जलसमाधी घेतलेल्या एकनाथ महाराजांचे नाव मिळाले. धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान झाले आणि म्हैसूरच्या वृंदावन उद्यानासारखी सहल मराठवाड्यातल्या कुटुंबांना घराजवळ मिळू लागली. जलाशय मात्र १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा यांत्रिक बोटींना तेथे मोकळे रान असणे शक्यच नव्हते.

खरी अडचण अभयारण्याची नसून पातळीची आहे. नाथसागर हा खोल डोह नसून पसरट परात आहे. तो १,५२२ फुटांवर पूर्ण भरतो, पण पाणी चार-पाच फूट उतरले तरी काठ बराच दूर सरकतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. भरण्याचीही हमी नाही. २००८ नंतर धरण काठोकाठ भरायला २०१७ उजाडले. अशा ठिकाणी पक्का धक्का बांधला, तर वर्षातले कित्येक महिने तो ज्वारी-हरभऱ्याच्या रानात उभा दिसेल. खाली त्रिभुज प्रदेशात बंधारा पाण्याची पातळी धरून ठेवतो आणि समुद्रालगतच्या शाखांत भरती-ओहोटी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही पात्र आटत नाही. हाउसबोटी टिकतात त्या या जोरावर. नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पामुळे आणि २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने झालेल्या घाटांमुळे नदीकाठ थोडा सुस्थिर झाला आहे. तेथे लहान प्रमाणावरची नौका अधिक शोभेल, असे मला वाटते.

नाथसागरावर आज नियमाने दिसतात त्या मच्छीमारांच्या होड्या. त्यांतील अनेकांच्या घरची शेती याच पाण्याखाली आहे. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, हातांनी पाणी कापत शाळेत जात असल्याचे उघड झाले आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. जुन्या सांगडीत भोपळे असत. या तराफ्यात थर्माकोल आहे, आणि काम तेच, पैलतीर गाठण्याचे.