परसातला काँक्रीटचा तलाव: झाकलं जाण्याआधी पाहून घ्या

घरामागे पोहण्याचा तलाव बांधायचं ठरलं की बोलणी बहुधा टाइल्सच्या रंगापासून सुरू होतात. आमची विनंती आहे की सुरुवात जमिनीपासून करा. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल तलावात जवळपास 45 हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 45 टन. ते पेलणारं काँक्रीट, सळई आणि पाइप शेवटी टाइलमागे जातात. नंतर दोष निघाला तर तोडफोडीशिवाय इलाज नसतो. म्हणून प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी मालकाने स्वतः येऊन पाहावा, असा आमचा आग्रह असतो. काम आमच्याकडून करून घ्या किंवा दुसऱ्या कंत्राटदाराकडून, पाहायच्या गोष्टी त्याच आहेत.

करार करताना रक्कम तारखांशी बांधू नका, टप्प्यांशी बांधा. खोदाई, सळई, काँक्रीट, पाण्याची चाचणी, फिनिशिंग असे हप्ते ठेवा आणि शेवटचा हप्ता पंप-फिल्टर चालवून पाहिल्यावरच द्या. खोदताना कातळ लागला किंवा पाणी लागलं तर जादा खर्च कोणाचा, उपसलेली माती कोण उचलणार, वीजजोडणी आणि भोवतालची फरशी कामात धरली आहे का, हे कागदावर हवं. मधेच पायऱ्या वाढवायच्या झाल्या तर तोंडी सांगू नका. लेखी दर घ्या आणि मगच होकार द्या.

जमिनीतल्या पाण्याकडे फार थोडे ग्राहक लक्ष देतात, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. भूजलाची पातळी तळापेक्षा वर असेल तर रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो, तडकतो, पाइप तुटतात. भरलेला असताना आतल्या पाण्याचं वजन त्याला दाबून धरतं. त्यामुळे तळाखाली खडीचा थर, पाण्याला वाट आणि तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालून दाब वाढला की उघडून जमिनीतलं पाणी तलावात येऊ देणारी झडप) यांचा विचार नकाशातच व्हायला हवा. पुढेही पावसाळ्यात साफसफाईसाठी परस्पर तलाव रिकामा करू नका. आधी बांधणाऱ्याला विचारा.

सळईची जाळी बांधून झाली की एक फेरी माराच. जाळी थेट मातीला टेकलेली नको. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, हवेत आणि सळईवर साधारण 50 मिमी काँक्रीट बसेल इतकी जागा हवी. कव्हर कमी पडलं तर ओल सळईपर्यंत पोहोचते, गंज धरतो आणि फुगलेला गंज काँक्रीट फोडतो. जाळी, शिडी आणि रेलिंग तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेली असावीत. हे काम काँक्रीटनंतर नीट होत नाही. तळाला पाणी ओढणारी तोंडं किमान दोन आणि एकमेकांपासून सुमारे 1 मीटर दूर हवीत. एकच तोंड असेल आणि ते अंगाने झाकलं गेलं, तर ओढीत माणूस अडकू शकतो. मुलांच्या जिवाशी गाठ आहे, इथे काटकसर करू देऊ नका.

पाइपांत दाब भरून गेज लावा आणि काँक्रीट चालू असतानाही तो दाब तसाच ठेवा. कुठे पाइप दुखावला तर काटा लगेच खाली येतो आणि जागीच दुरुस्ती होते.

काँक्रीट फवारून केलं जात असेल तर उडून खाली पडलेला माल पायऱ्यांत किंवा कोपऱ्यांत भरला जात नाही ना, हे पाहा. तो माल टाकूनच द्यायचा असतो. शटरिंग लावून भिंती ओतल्या जात असतील तर तळ आणि भिंत यांच्या सांध्यात वॉटर स्टॉपची, म्हणजे सांध्यातून पाणी झिरपू न देणारी, पट्टी बसली आहे का, ते विचारा. त्यानंतर किमान 7 दिवस काँक्रीट सतत ओलं ठेवावं लागतं. सिमेंट पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होतं. लवकर सुकलं तर कच्चं राहतं आणि बारीक भेगा पडतात. साइटवर कोणी दिसत नाही म्हणून काम थांबलं असं समजू नका, पण पाणी मारलं जातंय का ते जरूर विचारा.

टाइल लावण्याआधी तलाव भरून काही दिवस तसाच ठेवायला सांगा. पातळी थोडी उतरणारच, कारण बाष्पीभवन होतं. गळती ओळखायला तलावातल्या पायरीवर पाण्याची बादली ठेवा, आत-बाहेर सारख्या पातळीवर खूण करा आणि 24 तासांनी पाहा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन-वाऱ्याचं काम, तलावात जास्त उतरलं तर गळती. ही चाचणी घाई म्हणून कोणी टाळत असेल तर पुढचा हप्ता थांबवा.

ताबा घेताना पाइप आणि वायरिंगचा मोजमापांसह नकाशा, झाकण्याआधीचे फोटो आणि पंप-फिल्टरची वॉरंटी मागून घ्या. दिव्यांच्या आणि पंपाच्या वीजमार्गावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा, त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा. आत सिमेंटचा गिलावा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) वर चढत राहतो. तो 7.2 ते 7.6 दरम्यान ठेवायला वारंवार तपासणी लागते. ती कोण करणार आणि कधीपर्यंत, हेही करारात लिहून घ्या.